आधी ओजिमा, मग आमची खोली

भूकंपाच्या वर्षी टोकियोतली आपली बरीच माणसं बायकामुलांना घेऊन भारतात परतली. त्यातल्याच एकाच्या रिकाम्या खुर्चीवर माझ्या नवऱ्याला बोलावणं आलं आणि वर्ष संपायच्या आत आम्ही पुण्याहून टोकियोतल्या ओजिमा भागात येऊन पडलो. आई फोनवर रोज म्हणायची, "सगळे तिथून पळतायत आणि तुम्ही कुठे निघालात?" मी हट्टी आहे. नको म्हटलं की मला जास्तच जावंसं वाटतं. सरकारी वसाहतीतली तीन नंबरची इमारत, सहावा मजला. तिथली लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबत नाही. पाचव्यावर उतरायचं आणि एक जिना चढून यायचं.

लेक तेव्हा दोन वर्षांची होती. फेब्रुवारीतल्या एका दुपारी तिला सणकून ताप भरला आणि माझ्या मांडीवरच आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ, ओठ निळे. नवरा ऑफिसात. मी अँब्युलन्सचा नंबर फिरवला. तिकडच्या माणसाने शांतपणे विचारलं, "काजी देसु का, क्यूक्यू देसु का?" आग लागलीय की अँब्युलन्स हवीय, एवढंच त्याला हवं होतं. तेही मला कळलं नाही. मी नुसतं "बेबी, बेबी" करत राहिले आणि शेवटी पत्ता सांगितला. तो कसा, तर पुण्यात रिक्षावाल्यापासून गॅसवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगतो तसा. आधी फ्लॅटचा नंबर, मग इमारतीचा, मग ओजिमा.

इथे सगळं उलटं असतं. आधी मोठी जागा, मग तिच्यातली लहान, आणि खोली सगळ्यात शेवटी. माझे आकडे त्या बिचाऱ्याने त्याच्या क्रमाने लावले. माझ्या खोलीच्या नंबरातून त्याला मोहल्ला आणि गल्ली मिळाली, आमच्या इमारतीच्या नंबरातून घर मिळालं. चूक त्याची नव्हती. अँब्युलन्स ताबडतोब निघाली आणि ओजिमातल्याच भलत्या गल्लीत जाऊन उभी राहिली.

मला सायरन ऐकू येत होता. तो जवळ यायचा, लांब जायचा, पुन्हा जवळ यायचा. आकडी थांबली तेव्हा लेक इतकी निपचित पडली होती की ती गेली असंच मला वाटलं. किती वेळ वाटलं ते माहीत नाही. हे मी नवऱ्यालाही कधी नीट सांगितलेलं नाही. शेवटी त्यांनी मला परत फोन केला, मी खिडकीतून ओढणी हलवत राहिले, आणि ते वर आले.

लेक बरी झाली. डॉक्टर म्हणाले, तापातली आकडी आहे, घाबरू नका, पण पाच-सहा वर्षांची होईपर्यंत पुन्हा येऊ शकते. आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या पुढे गेली तर हयगय नको. मी मान डोलावली आणि मनात एकच धरलं. पुढच्या वेळी सायरन थेट माझ्या दाराशी आला पाहिजे.

वॉर्ड ऑफिसात परदेशी बायकांसाठी जपानीचा वर्ग होता. तिथे आम्हाला केक कसा मागवायचा ते शिकवलं. दुसऱ्या आठवड्यात चहा. मी विचारलं, आकडी आली तर काय म्हणायचं? बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, ते पुढच्या पुस्तकात आहे. मी त्या वर्गाला रामराम ठोकला.

आमच्यापासून दोन दारं सोडून एक आजोबा राहायचे. बायको गेलेली, एकटेच. आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केलेले. आमची ओळख कचऱ्यावरून झाली, म्हणजे वाईट झाली. मी एकदा जळणाऱ्या कचऱ्याच्या दिवशी पत्र्याचे डबे ठेवले, तर ती पिशवी परत माझ्या दाराशी, वर चिठ्ठी, चिठ्ठीत डब्याचं चित्र आणि त्यावर फुली. मला इतका राग आला होता. कचरा सकाळी आठच्या आत, ज्याचा त्याचा दिवस, ज्याची त्याची पिशवी, डबा असेल तर धुऊन. ह्यात आजोबा कोणाला सोडायचे नाहीत. नवरा त्यांना कचरा-कमिशनर म्हणायचा.

उन्हाळ्यात त्यांचं दार उघडं असायचं. एकदा लेकीला घेऊन जिना चढून येत होते, तर आतून एका माणसाचा सपाट, घाई नसलेला आवाज आला. जागा, मोहल्ला, इमारत, मजला, खोली. मग, शब्द सगळे कळले नाहीत तरी अंदाजाने, वय. मग काय झालंय ते. मी तिथेच थांबले. मला जे केकच्या वर्गात कोणी सांगत नव्हतं ते कोणीतरी दारात मोठ्याने वाचून दाखवत होतं. मी सरळ चपला काढून आत डोकावले. आजोबांनी घाईघाईने टेबलावरच्या रेडिओला इअरफोन लावला आणि आवाज बंद झाला.

मोडक्या भाषेत, अर्धं हातवारे करून मी त्यांना सगळं सांगितलं. आकडी, उलटा पत्ता, फिरत राहिलेला सायरन. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ओकुसान," म्हणजे वहिनी, "ऐकायला बंदी नाही. ऐकलेलं कोणाला सांगायला बंदी आहे. ते वापरायलाही बंदी आहे. कायदा आहे तसा." मी म्हटलं, मला दुसऱ्यांचं काही नको, मला फक्त क्रम हवाय. त्यांनी पेन्सिल शोधून आणली. मग एका कागदावर अकिहाबारातल्या जुन्या रेडिओ-सामानाच्या दुकानाचा नकाशा काढून दिला. दुकान कुठल्या मजल्यावर आहे तेसुद्धा लिहिलं होतं.

तिथून मी ओंजळीत मावेल एवढा वापरलेला रिसीव्हर आणला. तो एकामागून एक चॅनल चाळत राहायचा आणि कोणी बोललं की थांबायचा. इथे अँब्युलन्स अग्निशमनवाल्यांचीच असते, आणि त्यांची बोलणी तेव्हा अजून साध्या रेडिओवर पकडता येत होती. आजोबांनी तो लावून दिला आणि दोन अटी घातल्या. कायम इअरफोन लावायचा, आणि लिहून काही ठेवायचं नाही. दुसरी अट मी लगेच मोडली. वहीत पत्ते उतरवायला लागले. त्यांना ते कळलं तेव्हा वही मागितली, पानं बारीक फाडली, आणि मला परत दिली. "जळणारा कचरा," ते म्हणाले. "मंगळवारी."

मग मी नुसत्या कानाने शिकले. लेक दुपारी झोपली की कणीक मळता मळता एका कानात इअरफोन. पहिल्या महिन्यात फक्त खरखर आणि आकडे. तिसऱ्या महिन्यात वयं कळायला लागली. सहाव्या महिन्यात पडलेला, धाप लागलेला, शुद्धीवर नसलेला, ह्यातला फरक कळायला लागला. एकटी राहणारी म्हातारी माणसं फार असायची. जमीन हलली की लिफ्टा बंद पडायच्या आणि मग रेडिओला उसंत नसायची. मला लाज वाटायची, खोटं कशाला बोलू. कोणाच्या घरात काय कोसळलंय ते मी ऐकत होते आणि इकडे पोळी फुगली की नाही ते बघत होते. पण बंद मात्र केला नाही.

नवरा चिडवायचा. "आज तुझ्या आकाशवाणीवर काय विशेष?" मी म्हणायचे, सांगायला बंदी आहे. आणि स्वतःशी आमचा पत्ता म्हणत राहायचे. ओजिमा, मोहल्ला, तीन नंबरची इमारत, सहावा मजला, खोली. भांडी घासताना, केस विंचरताना, लेकीला आंघोळ घालताना. इतकं, की लेक नीट बोलायला लागली तेव्हा ती आई-बाबांच्या खालोखाल आमचा पत्ता म्हणायला लागली. दुकानात कोणी कौतुकाने नाव विचारलं, तर ही आधी ओजिमा म्हणायची आणि थेट खोलीपर्यंत जाऊनच थांबायची. आजोबांसमोर तिने हे केलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा हसताना पाहिलं. त्यांनी तिच्याकडून दोनदा म्हणून घेतलं.

दुसरी आकडी आली तेव्हा ती साडेतीन वर्षांची होती. दुपारचे तीन वाजले होते, गॅसवर वरण होतं. सकाळपासून अंग कोमट होतं म्हणून शाळेत पाठवलं नव्हतं. खेळता खेळता ती आडवी झाली आणि ताठ झाली. मी अशी झडप घातली की कानातल्या इअरफोनची वायर ओढली जाऊन रिसीव्हरमधून निघालीच. तिला कुशीवर वळवलं. घड्याळ पाहिलं. एक मिनिट, दोन, तीन. चौथ्याला मी फोन उचलला.

"काजी देसु का..."

"क्यूक्यू देसु," मी त्याचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही.

मग पत्ता. आवाज माझा थरथरत होता, क्रम थरथरला नाही. ओजिमा, मोहल्ला, तीन नंबरची इमारत, सहावा मजला, खोली. तीन वर्षं. मुलगी. केइरेन, म्हणजे आकडी. चार मिनिटं झाली, अजून थांबलेली नाही. त्याने एकदाही पुन्हा विचारलं नाही. म्हणाला, गाडी निघतेय, फोन चालू ठेवा.

आणि तेवढ्यात ओट्यावरचा रिसीव्हर बोलला. इअरफोन निघाल्यामुळे आवाज अख्ख्या खोलीत भरला. तोच सपाट, घाई नसलेला आवाज. ओजिमा. मोहल्ला. तीन नंबरची इमारत, सहावा मजला. आमची खोली. तीन वर्षं, मुलगी, केइरेन. वर्षभर मी दुसऱ्यांचे पत्ते ऐकले होते. आमचा पहिल्यांदाच ऐकला. ती आता कोणाच्या तरी कानातली एक मुलगी झाली होती. मी तिच्याशेजारी जमिनीवर बसले, तिचं डोकं धरलं आणि तिला मराठीत सांगत राहिले की येतायत, पत्ता बरोबर सांगितलाय, येतायत.

सायरन लांबून सुरू झाला आणि जवळच येत गेला. एकदाही वळून लांब गेला नाही. खाली थांबला. लिफ्टला आमच्याकडे दर वेळी वाट बघायला लावायची सवय होती, पण मी दार उघडून वळते न वळते तोच ती माणसं जिन्यावर दिसली. आकडी तेव्हा नुकती सुटत होती. त्यांनी तिला उचललं, मी पर्स उचलली आणि अनवाणीच मागे धावले.

पाचव्या मजल्यावर लिफ्ट उघडी उभी होती. आत आजोबा होते. एक बोट बटणावर दाबून धरलेलं, दुसऱ्या हातात कचऱ्याची पिशवी.

"कचरा टाकायला चाललो होतो," ते म्हणाले. कोणीही विचारलं नव्हतं.

दुपारी तीन वाजता. त्या दिवशी कुठलाच कचरा नव्हता. आणि त्या अर्ध्या पारदर्शक पिशवीत एक न धुतलेला डबा, दुधाचा खोका आणि संत्र्याची सालं एकत्र कोंबलेली होती. मी पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. ते लिफ्टच्या आकड्यांकडे बघत होते. खाली पोचताना मी एवढंच म्हणू शकले, "गॅस चालू राहिलाय. दार उघडं आहे."

"मी बघतो," आजोबा म्हणाले.

अँब्युलन्समध्ये लेकीने डोळे उघडले. ताप तपासणाऱ्या माणसाने तिला नाव विचारलं. ती क्षीण आवाजात म्हणाली, "ओजिमा." मी तिथे रडले. त्याला वाटलं भीतीने, आणि त्याने मला धीर दिला.

संध्याकाळी तिला घेऊन आम्ही दोघं परत आलो तेव्हा आजोबा आमच्या दाराच्या आत, चपला काढायच्या पायरीवर, पाठ ताठ ठेवून बसलेले होते. वरण उतरवून झाकून ठेवलं होतं. रिसीव्हर बंद होता आणि इअरफोनची वायर गुंडाळून त्याच्या शेजारी ठेवली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, वाकले आणि निघून गेले. मी काही बोलायच्या आत गेले. बोलणार तरी काय होते? आभार कशाचे मानायचे ते म्हटलं असतं, तर त्यांनी काय ऐकलं आणि ते कसं वापरलं, तेच म्हणावं लागलं असतं.

पिशवी मात्र आमच्या दाराशीच राहिली. नवरा म्हणाला, "हे काय, सगळं मिक्स? कमिशनर आपल्याला फाडून खातील." मी त्याला काही सांगितलं नाही. लेक झोपल्यावर पिशवी सिंकमध्ये उलटी केली. डबा धुतला, दुधाचा खोका कापून सपाट केला, सालं वेगळी काढली.

सकाळी कचऱ्याच्या जागी आजोबा कावळ्यांनी पिशव्या फाडू नयेत म्हणून घातलेली जाळी सारखी करत उभे होते.

"मुलगी?"

"बरी आहे. खिमट खाल्लं थोडं."

ते जाळीचा कोपरा ओढत राहिले. "काल माझा दिवस चुकला," ते म्हणाले.

"होतं असं," मी म्हटलं.

त्यांनी जाळी उचलून धरली आणि त्यांची संत्र्याची सालं घातलेली माझी पिशवी मी आत ठेवली.