सावंतकाकांचा उजवा हात

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही मला नीट माहीत नाही – पण ऐका.

अंबरनाथ पश्चिमेला माझं व्हीआर गेमचं दुकान आहे. डोळ्यांवर हेडसेट चढवायचा आणि दुसऱ्याच जगात जायचं, ते. उल्हासनगरच्या बाजारातून एक जुनं ग्राफिक्स कार्ड उचललं, महिनाभर डोकं फोडलं आणि एकाच कॉम्प्युटरवर दोन हेडसेट चालवून दाखवले. सगळे म्हणत होते, नाही होणार. झालं की! पहिल्यांदा दोन माणसं आत एकाच किनाऱ्यावर, एकमेकांना बघत उभी राहिली, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. एवढ्याशा डब्यात समुद्र, आणि त्यात दोघं जण? मला अजूनही ते खरं वाटत नाही.

त्याच कौतुकात मी सावंतकाकूंना बोलावलं. आमच्या शेजारच्या बिल्डिंगमधल्या. काका कंपनीत मशीन दुरुस्तीला होते. रिटायर झाले आणि वर्षाच्या आत झटका आला. वाचा गेली, लिहिणं गेलं, उजवा हात लुळा पडला. दोघं मूळचे मालवणकडचे. समुद्र बघून किती वर्षं झाली रे, असं काकू एकदा बोलल्या होत्या.

दोघांना शेजारी-शेजारी बसवलं. हेडसेट चढवले. सोबत दोन्ही हातांत धरायचे कंट्रोलर असतात – ज्या हातातला हलला, आत दिसणाऱ्या माणसाचा तोच हात हलतो. काकांच्या डाव्या हातात एक दिला. उजवा माझ्याकडेच राहिला. त्या हातात देऊन काय करणार होतो? तेवढ्यात वायर अडकली, ती सोडवायला मी कंट्रोलरसकट हात वर केला –

"अहो! तुमचा हात! उजवा उचललात तुम्ही!"

तेव्हाच सांगायचं होतं. काकू, तो मी. किती वेळ लागतो एवढं बोलायला?

पण काकूंच्या हेडसेटखालून पाणी वाहत होतं. आणि काका – त्यांनाही आत आपला मेलेला हात वर गेलेला दिसत होता. तोंड उघडं राहिलं होतं त्यांचं. असं काही मी आयुष्यात पाहिलेलं नाही. देवळात नाही, कुठेच नाही. मग मी काय केलं? पुन्हा हात वर केला. सावकाश. टाटा करतात तसा हलवलाही. पहिल्यांदा चूक झाली होती. दुसऱ्यांदा नाही.

हेडसेट काढल्यावर काका बराच वेळ मांडीवरच्या हाताकडे बघत बसले. मग माझ्या हातातल्या कंट्रोलरकडे. मग माझ्याकडे. त्यांना कळलं. जन्म मशीनमध्ये गेलेला माणूस – न कळायला काय झालं?

पण सांगणार कसे?

त्या दिवसापासून काकू त्या हाताला सकाळ-संध्याकाळ तेल चोळतात. रोजचा व्यायाम करून घेतात, दुखलं तरी सोडत नाहीत. दोन वर्षं झाली. गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो होतो, तर माझ्यासमोरच काकांवर वैतागल्या. तिथे उचलता आला, मग इथे का नाही, तुमचं मनच नाही, नुसता आळस. आणि माझ्याकडे वळल्या.

"तू तरी सांग रे यांना. तू बघितलंयस."

काका माझ्याकडेच बघत होते.

मी म्हणालो, "प्रयत्न करा, काका."