गुडघेदुखीची केस

“चार घास पण जात न्हाईत बघा, डागतरसायेब,” असं म्हणून गणपतरावानं दणदणीत ढेकर दिला.

मी तेव्हा कोल्हापुरात दरबारच्या दवाखान्यात डॉक्टर होतो. राधानगरीच्या धरणाचं काम चाललं होतं, तो काळ. हा गडी त्या वाटेवरच्या एका गावचा, खाऊनपिऊन सुखी शेतकरी. झोप नाही, कुणीतरी हाका मारतंय असं वाटतं, उगाच रडू येतं, अशी त्याची तक्रार. नाडी बघितली तर ठणठणीत. जीभ स्वच्छ.

“हे सगळं कुणाला होतंय?” मी विचारलं.

“मलाच की.”

“गणपतराव, खरं सांगा. नाहीतर वाटीभर एरंडेल पाजीन.”

तेव्हा कुठं धाकट्या भावाचं, दत्तूचं, नाव बाहेर आलं. “मग त्याला घेऊन या,” मी म्हटलं.

“कसं आणू? तुमच्या पायरीवर धा गावचं लोक. बहिणीची सुपारी फुटलीया. घरात येडं हाय म्हणून पावण्यांच्या कानावर गेलं तर? लगीन होऊं द्या, मग आणतो. तवर औषध माझ्या नावानं द्या की.”

ह्याची नाडी बघून त्याला औषध! असल्या दुखण्याला तेव्हा ब्रोमाइड देत, म्हणजे डोकं शांत करून झोप आणणारं औषध. ते पेशंट न बघता देता येत नाही, हे सांगून माझा घसा बसला. पुढच्या बाजाराला चुलते आले. तीच लक्षणं, त्याच शब्दांत. मग मामा. मामांनी तर रडूनही दाखवलं. पेशंट सोडून सगळं गणगोत माझ्याकडे तपासून गेलं.

शेवटी वैतागून मीच गावाला जायचं ठरवलं. त्यालाही गणपतरावाची अट. डॉक्टर आईचे गुडघे बघायला येतोय, असं गावात सांगायचं. आईच्या गुडघ्यांना काहीही झालं नव्हतं.

रविवारी टांग्यातून उतरलो, तर सोप्यात गावातले म्हातारे धोतरं वर करून रांगेत बसलेले. आधी ते सगळे गुडघे दाबले. दत्तूपर्यंत पोचायला दुपार झाली. वैरणीच्या खोलीत कोंडलेला, पायाला कासरा. गालफडं बसलेली, ओठ फुटलेले. मेलँकोलिया होता. ह्यात मन इतकं खचतं की माणूस अन्नपाणी सोडतो.

“आजच दवाखान्यात न्यायचा,” मी सोप्यात येऊन सांगितलं. “नळीनं दूध घालावं लागेल. लग्नापर्यंत हा जगायचा नाही.”

“एवढा वैशाख निघूं दे की,” चुलते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. पण मी तोंड उघडायच्या आत दारात बैलगाडी थांबली. होणारे व्याही आले होते. विहीणबाईंसाठी थेट कोल्हापूरचा डॉक्टर येतोय, आणि सोयऱ्यानं भेटायला जायचं नाही? ही रीत आमच्याकडे चुकत नाही. ज्यांच्यापासून लपवायचं, त्यांनाच ह्या शहाण्यांनी खोट्या आजारपणाचा बोभाटा करून घरी बोलावलं होतं.

“कसं हाय गुडघं, विहीणबाई?” व्याह्यांनी विचारलं. आई कण्हायला लागल्या. इतक्यात आतून दत्तू ओरडला.

“आत कोण हाय?”

“कोण न्हाय,” गणपतराव म्हणाला.

आई कण्हायच्या थांबल्या. ताडकन उठल्या, तरातरा चालत गेल्या आणि खोलीची कडी काढली.

“माझा ल्योक हाय. माझं गुडघं बरं हायत, पावणं. आजारी ह्यो हाय.”

व्याह्यांनी दत्तूच्या पायातला कासरा बघितला आणि गाडीवानाला हाक मारली, “बैल सोडू नगंस रं. पोराला गाडीत निजवायचा हाय.”

दत्तू त्यांच्याच गाडीतून कोल्हापूरला आला, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. सोयरीक मात्र मोडली. व्याही गाडी द्यायला चांगले, मुलगी करून घ्यायला नाहीत. त्या पोरीचं लग्न पुढं बरंच लांबलं. त्याचा मला अजून राग येतो, पण तो कुणावर काढावा ते कळत नाही.

दत्तूला आधी नळीनं दूध घातलं. मग तो हातानं पेज प्यायला लागला. एका सकाळी त्यानं भाकरी मागितली, तेव्हा आई दवाखान्याच्या व्हरांड्यात जाऊन रडल्या. सुगीला तो विळा घेऊन रानात गेला.

गणपतराव भेटला की ऐकवायचा, “तुमच्यापायी सोयरीक मोडली.” एका बाजाराला तो एका अनोळखी माणसाला घेऊन आला.

“ह्ये शेजारच्या गावचं पावणं. ह्यास्नी अन्न जात न्हाय.”

पावण्यांनी ढेकर दिला.

लपवणाऱ्याशी भांडत बसलं तर पेशंट हातचा जातो, एवढं मी शिकलो होतो. नाडी बघितली नाही, जीभ बघितली नाही.

“ह्या खेपेला गुडघे कुणाचे?” मी विचारलं आणि बॅग उचलली.