तीन शब्दांची परीक्षा

परतूरला गणित शिकवून निवृत्त झालेले माझे मोठे काका विसरायला लागले, तेव्हा औरंगाबादच्या डॉक्टरांनी त्यांना प्रयोगातल्या एका नव्या गोळीसाठी निवडलं. मेंदूतलं एक एन्झाइम आठवणींना लागणारं रसायन तोडतं आणि ही गोळी त्याला अडवते, एवढं मी इंग्रजी कागद वाचून घरात सांगितलं. माझ्या इंग्रजी शाळेचा तेवढाच उपयोग.

दर महिन्याला डॉक्टर तीन शब्द सांगायचे आणि थोड्या वेळानं परत विचारायचे. नापास झालो की गोळी बंद, अशी काकांना भीती होती. शब्द दर वेळी तेच असतात, हे कळताच काकूनं जेवायला वाढताना घोकून घ्यायला सुरुवात केली. "लिंबू, किल्ली, घोडा. म्हना, मंगच भाकर."

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी शब्द सांगायच्या आधीच काकांनी तिन्ही म्हणून टाकले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी परक्यांसमोर सहसा बोलत नसे, पण अशानं गोळीचा गुण कळणार कसा?

"घरी पाठ करून घेतलंय," मी म्हणाले.

"फुटली बघा," काका म्हणाले. "हिला आनायलाच नको व्हतं."

डॉक्टर हसले. गोळी बंद होणार नाही, असं सांगून त्यांनी नवे शब्द दिले: चमचा, विहीर, पतंग.

परतीच्या गाडीत जालना आलं, तसे काका माझ्याकडे वळले. मग मास्तरी आवाजात म्हणाले, "सांग बरं, आजचे तीन शब्द."

मी सांगितले.

"बिलकुल बराबर," ते म्हणाले, आणि परतूरपर्यंत खिडकीकडे तोंड करून ते बोटांवर मोजत पुटपुटत राहिले.