धुतलेला बर्फ

आमच्या घरात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू धुतल्याशिवाय स्वयंपाकघरात येत नाही. भाजी, दुधाची पिशवी, तेलाचा डबा, सगळ्यांना आधी नळाखाली आंघोळ. सासूबाईंचं हे सोवळं पहिल्यापासून माझ्या डोक्यात जातं. पण गेल्या मे महिन्यात त्यांनी बर्फ धुतला, तेव्हा मात्र मी हात टेकले.

नणंद पहिलटकरीण. पाचवा महिना लागला तरी पोटात अन्न ठरत नव्हतं. शुक्रवारी ती माहेरी येणार होती आणि तिनं एकच मागितलं होतं: मैंदर्गीच्या शेतातल्या आंब्याचा रस. ते झाड सासऱ्यांनी लावलेलं. सासरे गेले, मागच्या उन्हाळ्यात वादळानं झाडही आडवं झालं. त्याच्या शेवटच्या आंब्यांचा रस दोन डब्यांत भरून आम्ही डीप फ्रीजरमध्ये वर्षभर जपला होता.

बुधवारी दुपारी वावटळ सुटली, गल्लीतला खांब पडला आणि वीज गेली. दोन दिवस तरी येत नाही, असं वायरमन सांगून गेला. ह्यांनी आइस्क्रीमवाल्या मित्राकडून थर्माकोलच्या खोक्यातून ड्राय आइसच्या, म्हणजे पाणी न होता हवेत विरून जाणाऱ्या बर्फाच्या, दोन विटा आणल्या. हात लावू नका, खिडक्या उघड्या ठेवा, एवढं बजावून ते कामावर गेले.

मी फ्रीजरभोवती गुंडाळायला माळ्यावरच्या चादरी काढून आणल्या, तर स्वयंपाकघर पांढऱ्या धुरानं भरलेलं. मधोमध पाण्याची बादली खदखदतेय आणि सासूबाई सांडशी धरून उभ्या! मी त्यांना ओढून अंगणात आणलं, मागचं दार उघडलं.

"आत्याबाई, बर्फ कुणी धुतं का?"

"हात न्हाय लावला की! सांडशीनंच धरला. कुटल्या गाडीतनं आलाय, कुणाचं हात लागल्यात... तसाच ठिवू व्हय डब्यावर?"

धूर ओसरला तेव्हा विटेचा साबणाच्या वडीएवढा तुकडा उरला होता. तो बघून त्या पायरीवर बसल्या. "लेकीच्या तोंडचा घास मीच घालवला गं," म्हणाल्या. माझा राग कुठल्या कुठे गेला.

मग त्याच उठल्या. फ्रीजरमधले मटार, खोबरं, आइस्क्रीम, सगळं शेजारी वाटून टाकलं. आत फक्त रसाचे दोन डबे, वर वर्तमानपत्र आणि त्यावर दुसरी वीट, न धुतलेली. भोवती तीन चादरी. गुरुवारभर त्या फ्रीजरसमोर खुर्ची टाकून बसल्या. जवळ येईल त्याला दटावायच्या आणि स्वतः मात्र दहा वेळा विचारायच्या, "बगू का जरा?" मी नुसते डोळे वटारायची.

शुक्रवारी सकाळी नणंद आली. वीज अजून नव्हतीच. झाकण उघडलं, तर वीट गायब, पाण्याचा थेंबही नाही. डबे मात्र दगडासारखे. मला इतका आनंद झाला की मी सासूबाईंना मिठीच मारली.

दुपारी एक डबा सुटल्यावर नणंदेनं पोळीबरोबर एक वाटी रस संपवला, मग दुसरी. "आप्पांच्याच झाडाचा," म्हणताना तिचे डोळे भरले. आम्ही दोघी श्वास रोखून बसलेलो. अर्धा तास झाला, काही उलटून पडलं नाही. तिनं वाटी पुन्हा पुढे केली.

तेवढ्यात वरचा पंखा फिरायला लागला.

"आत्याबाई, वीज आली."

वाटीत रस ओतता ओतता त्यांनी मानसुद्धा वर केली नाही. "येऊ दे की. आता तिचं हितं काय काम न्हाय."