भाऊजी आणि बारा सुरांचा फेरा

अख्ख्या वऱ्हाडात सुरांच्या नात्यागोत्याचा जेवढा विचार माझ्या थोरल्या भाऊजींनी केला, तेवढा कुठल्या गवयाने केला नसेल. आणि त्यांच्याइतका बेसूर गळाही दुसऱ्या कुणाला लाभला नसेल. अक्काचे हे यजमान अकोल्याच्या जुन्या शहरात राहत. मोर्णेच्या काठी मळा होता. वांगी आणि झेंडू यांवर घर सुखात चाललं होतं. पण एकदा ते फुलं पोचवायला बडनेऱ्याला गेले. तिथे रेल्वेत नोकरीला असलेला एक गोवेकर ख्रिस्ती देवळात ऑर्गन वाजवायचा. त्याने भाऊजींना सहज सुरांचं चक्र समजावून सांगितलं, आणि वांग्यांवरचं त्यांचं लक्ष उडालं ते कायमचं.

चक्र तसं साधं. घड्याळाच्या आकड्यांसारखे बारा सूर गोल मांडायचे. एका बाजूने फिरलं की दर घराला पंचम लागतो: सा चा प, प चा रे, रे चा ध. उलट फिरलं की दर घराला मध्यम. कसेही जा, बारा घरं हिंडून पुन्हा सा वरच येता. आणि प्रत्येक घरात सूर एकटा राहत नाही. त्याच्यासोबत आणखी दोन एकदम वाजवायचे. त्या तिघांच्या कुटुंबाला इंग्रजीत कॉर्ड म्हणतात.

"साळेबुवा," भाऊजी मला सांगत, "सा चे सख्खे शेजारी दोनच. इकून प, तिकून म. निम्मी गाणी ह्या तीन घरांतच होऊन जातात. जास्त हिंडाची हौस असंल तर ध वर जा, मंग रे, मंग प, अन् सा वर घरी या. आपल्या पायानं आल्यावानी वाटते."

हे ज्ञान स्वतःपुरतं ठेवतील तर ते भाऊजी कसले. देवळातल्या भजनात त्यांनी पेटीवाल्या बुवांना तीन-तीन पट्ट्या एकदम दाबायला लावल्या. बुवा दोन अभंग सोसून म्हणाले, "पांडुरंगाले एका वेळी एकच सूर ऐकू येतो," आणि पेटी काखेत मारून घरी गेले. राजकारणही भाऊजींनी चक्रात बसवलं होतं. कुणी वऱ्हाडच्या दशेबद्दल कुरकुरलं की ते म्हणत, "मुलूख निजामाचा, कारभार नागपूरचा, हुकूम इंग्रजाचा. तीन सूर एकदम वाजून राहिले, अन् तुमी म्हनता आपल्याकडं कॉर्ड नाई." त्यांच्या शेवंताला अमरावतीच्या राजापेठेतलं स्थळ आलं, तेव्हा पत्रिका पाहायच्या आधीच त्यांनी होकार दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "अमरावती म्हंजे अकोल्याचा पंचम."

लग्न अकोल्यात, दारापुढच्या मांडवात ठरलं. व्याही काळ्या जमिनीचे भारदस्त शेतकरी, कमी बोलणारे, आणि ज्यांच्या कमी बोलण्याचीच सगळ्यांना धास्ती वाटावी असे. भाऊजींनी गावातला बँड ठरवला आणि त्याला चक्र शिकवायला घेतलं. अंगणात झेंडूच्या फुलांचे बारा ढीग गोल मांडले. एका बाजूला क्लॅरोनेटवाले बसवले, समोरच्या बाजूला पितळी कर्णेवाले. मग भाऊजींनी सांगितलं, "दर कडव्याले सा पासून एक घर उजवीकडं सरकाचं. मी सांगतो तवा परत फिराचं." सगळ्यांनी माना डोलावल्या. समोरासमोर बसलेल्या माणसांचे उजवे हात उलट दिशांना असतात, हे मात्र कुणाच्याच ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही, आणि मी तर मॅट्रिक झालेला होतो.

लग्नाच्या दिवशी नवरदेव जानवशातून निघाला. पहिलं कडवं सा मध्ये झालं आणि लोक खूश झाले. दुसऱ्या कडव्याला क्लॅरोनेट पंचमाकडे गेले, कर्णे मध्यमाकडे. तिसऱ्याला फाटाफूट वाढली. भाऊजी मांडवाच्या दाराशी स्वागताला उभे होते. त्यांनी परत फिरायची खूण केली, पण आपली बाजू सोडायला कुणी तयार नव्हतं. क्लॅरोनेटवाल्यांना वाटत होतं कर्णे चुकले, कर्णेवाल्यांना वाटत होतं क्लॅरोनेट चुकले, आणि दोघेही भाऊजींनी शिकवलं तेच इमानाने वाजवत होते. नवरदेवाची घोडी कान पाडून मागे सरकू लागली.

"काहून हो," व्याही म्हणाले, "तुमचे बँडवाले भांडून राहिले काय?"

"भांडत नाई. हिंडून राहिले," भाऊजी म्हणाले. "येतात घरी."

वरात दाराशी पोचली आणि नवल घडलं. दोन्ही टोळ्या उलट वाटांनी अर्धं चक्र फिरून तीव्र मध्यमाच्या एकाच घरात येऊन पडल्या. एक कडवं असं एकजीव वाजलं की आचारी झारा घेऊन बाहेर आले. व्याह्यांचा चेहरा निवळला. "आता जमलं," ते म्हणाले. "थांबवा इथंच."

भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "इथं नाई थांबता येत. हे सा पासून सगळ्यात दूरचं घर हाये. माह्या पोरीचं लगन असं परमुलखात कसं लावू?"

तोवर पुढचं कडवं सुरू झालं आणि बँड पुन्हा फाटला. उरलेलं अर्धं चक्र बाकी होतं. भटजी घटिकापात्राकडे बोट दाखवू लागले, व्याही मुकाट्याने घोडीचा लगाम धरून वळायच्या बेतात आले. तेव्हा आरतीचं ताट हातात घेतलेली अक्का गर्दीतून पुढे झाली. ताट तिने माझ्याकडे दिलं आणि ढोलवाल्याच्या हातातलं टिपरू काढून घेतलं. बँड जागच्या जागी गप्प झाला.

"तुमचं चक्कर जल्मभर फिरू द्या," ती भाऊजींना म्हणाली. "आधी पोरीचे फेरे होऊ द्या."

लग्न वेळेवर लागलं. पंगतीत व्याह्यांनी वांग्याची भाजी तीनदा मागून घेतली. तेवढ्यावर सगळ्यांनी समजून घेतलं की राग गेला.

शेवंता गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओसरीवर लवंडलो होतो. भाऊजींनी पेटी काढली. दोन्ही हातांनी कॉर्डी वाजवता याव्यात म्हणून पेटीचा भाता नेहमी शेवंताच ओढायची. त्या दिवशी त्यांनी बोटं पट्ट्यांवर ठेवली आणि तसेच बसून राहिले. पेटीतून काही निघेना. बऱ्याच वेळाने अक्का निवडायची भाजी बाजूला सारून उठली, पेटीच्या मागे बसली आणि भाता हलवू लागली.

"हळू," भाऊजी म्हणाले. "पोरगी हळू ओढे."

"मले काय माहीत," अक्का म्हणाली. "सांगान तशी ओढतो."

ते ध वर गेले, मग रे वर, मग प वर. तिथे त्यांची बोटं थांबली. सा बाकी होता. अक्काला त्यातलं काही कळत नव्हतं. पुढे काहीतरी यायचंय एवढं मात्र तिला कळलं असावं, कारण ती त्यांच्याकडे न पाहता भाता ओढत राहिली.