पोळ्याचं आवतण

"बाई, तुमच्या त्या निवाऱ्यात एका बैलाला जागा हाय का गं?" दादाने फोनवर विचारलं, आणि मी नाही म्हणाले. खोटं नव्हतं. औसा रोडला आम्ही काही जण मिळून चालवतो तो जनावरांचा निवारा गच्च भरला होता. लंगडी कुत्री, भाकड गाई, कुणीतरी वाऱ्यावर सोडलेलं एक गाढव. पण माहेरच्या बैलाला नाही म्हणताना माझी जीभ जड झाली.

दादा, माझा थोरला भाऊ, देवणीकडे आमच्या गावीच राहतो. त्याच्या बैलजोडीतला एक उन्हाळ्यात गेला. उरलेला म्हातारा, अंग पांढरंशुभ्र, तोंड तेवढं काळं. शेतात ट्रॅक्टर येऊ लागला होता, मुलं पुण्याला, आणि दादा-वहिनी दोघांचे गुडघे गेलेले. शेण काढायला वाकवत नव्हतं. "त्याला बाजार दाखवणार न्हाई," एवढंच दादा म्हणाला.

मग मी शेड वाढवण्याचा चंगच बांधला आणि देणगी मागत लातूरभर फिरले. आमच्याकडे देणगी मागायला गेलं की आधी चहा येतो, मग उपदेश येतो, आणि पैशाची वेळ आली की नेमके मालक गावाला गेलेले असतात. एक बाई म्हणाल्या, "गाईला देते, कुत्र्यांना नाही." पत्र्याच्या व्यापाऱ्याने पत्रे दिले, पण प्रत्येकावर वडिलांचं नाव रंगवून. म्हटलं, खुशाल रंगवा, गळले नाहीत म्हणजे झालं. लोकांसमोर हात जोडले आणि घरी येऊन त्याच लोकांना शिव्या घातल्या. पोळ्याच्या तोंडावर एकदाची शेड उभी राहिली.

दादाने पोळ्याच्या आदल्या दिवशीच बैल टेम्पोत घालून आणला. वहिनी म्हणत होती, सण होऊ द्या. पण जोडी फुटलेला एकटा बैल मारुतीपुढून मिरवताना गावाने बघावा, हे त्याला सोसणार नव्हतं. त्याच दिवशी आम्ही देणगीदारांना शेड बघायला बोलावलं होतं. दिवस खांदेमळणीचा, तेव्हा कुणीतरी म्हणालं, काका, तुम्हीच करून दाखवा. दादाने हळद आणि लोणी घेतलं आणि जू ओढून घट्टे पडलेला तो खांदा चोळू लागला. चोळता चोळता त्याला सगळ्याचा विसर पडला असावा. खांदा मळून झाला की दरवर्षी बैलाला जे म्हणतात, ते त्याच्या तोंडून निघून गेलं. "आज आवतण घ्या, उद्या जेवायला या."

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. "येतो की काका!" मागून कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. दादाचा हात खांद्यावर तसाच थांबला. बैल आता ज्या घरचा राहिला नाही, त्याच घरी जेवायला बोलावलं आपण, हे त्याच्या आत्ता ध्यानात आलं होतं. मला रडू फुटलं, म्हणून मी उगाच चहाचे कप गोळा करत बसले.

पोळ्याच्या दिवशी दुपारी दादा-वहिनी दोघं टेम्पो करून हजर. वहिनीच्या हातात पुरणपोळीचं ताट. "आवतण दिऊन आलो म्हन्ले हे. मग उपाशी कसं ठिवावं?" ती म्हणाली. आणि खरंच, बैलाने सकाळपासून वैरणीला तोंड लावलं नव्हतं. दादाचा आवाज ऐकला तसा तो उठला. आम्ही दावं सोडलं. त्याने ताटाकडे पाहिलंसुद्धा नाही. वहिनीच्या बाजूने निघाला, फाटकातून बाहेर पडला आणि टेम्पोच्या मागे जाऊन उभा राहिला. फाळका कधी खाली पडतो याची वाट बघत. जेवायला घरी जायचं असतं, एवढं त्याला ठाऊक होतं.

आमच्यातल्या एकीने ते मोबाईलवर टिपलं. व्हिडिओ इतका फिरला की नांदेडच्या माझ्या नणंदेने तो मलाच पाठवला, "लई रडले गं" म्हणून. लोकांनी लिहिलं, बघा मुक्या जिवाची माया, धन्याला निरोप द्यायला आला! देणग्यांचा ओघ लागला. गावाला गेलेले मालकही परत आले. त्या पैशांत आता दुसरी शेड होतेय. मी पैसे नाकारले नाहीत, नाकारून कुणाचं भलं होणार होतं? पण तो व्हिडिओ मी पुन्हा उघडलेला नाही.

तो टेम्पोपाशीच संपतो. पुढचं आम्हीच पाहिलं. आम्ही सगळ्यांनी मिळून दावं ओढलं, चुचकारलं, पेंड दाखवली, बैल तसूभर हलेना. वहिनी ताट तसंच धरून उभी होती. शेवटी दादा पुढे झाला. त्याच्या पाठीवर हात ठेवून, औत वळवताना म्हणायचा त्याच आवाजात, एकदाच म्हणाला, "मागं सर."

आणि तो सरला.