नकाशे बाईंची टी.सी.

इथले गूढ अनुभव मी दोन-तीन वर्षांपासून वाचते, पण आपणही कधी लिहू असं वाटलं नव्हतं. माझा असल्या गोष्टींवर विश्वासच नव्हता. मी भूगोलाची पदवीधर आहे. आमच्या औंढा-वसमतच्या पट्ट्यात अधूनमधून जमिनीतून गुरगुरल्यासारखे आवाज येतात, तेव्हा लोक काय काय बोलतात... मी आपली त्यांना खडकांचं समजावून सांगत बसते. अशी बाई मी.

तर आता जे झालं ते, जसंच्या तसं.

माझं माहेर जवळा बाजार, सासर आखाडा बाळापूर. बी.ए. हिंगोलीला केलं, मुलींच्या होस्टेलवर राहून. दोन खाटांची खोली होती, दुसऱ्या खाटेवर वंदना. ती हट्ट्याची. सुट्टीला आम्ही एकाच बसनं निघायचो, मी जवळ्याला उतरायचे, ती पुढं जायची. मी जिल्ह्याचा नकाशा न बघता काढायचे म्हणून ती मला 'नकाशे' म्हणायची. फक्त खोलीत... चारचौघांत माझं नाव घ्यायची. दोघींचं ठरलेलं होतं, एम.ए. भूगोल, एकाच वर्गात, एकाच बाकावर. तिसऱ्या वर्षाची परीक्षा झाली आणि ती काविळीनं गेली. निकालात तिला फर्स्ट क्लास होता. तिची मार्कशीट मी आणून तिच्या आईच्या हातात दिली. त्याच वर्षी माझं लग्न झालं, आणि एम.ए. हा शब्दसुद्धा मी घरात काढला नाही.

अकरा वर्षं.

यंदा मुलगी पाचवीला गेली. मिस्टर एक दिवस जेवता जेवता म्हणाले, "तुला शिकायचं व्हतं ना पुढं? भर की फॉर्म." मी दोन दिवस नुसती मोबाईलमध्ये ती प्रवेशाची साईट उघडून बघत होते. पहिल्याच पानावर प्रश्न — विद्यार्थी भारतीय की परदेशी? मला हसू आलं. वंदना असती तर म्हणाली असती, लिही, जवळा बाजार, परदेश. मग रडूही आलं. भरला एकदाचा फॉर्म. मार्कशीट, रहिवासी दाखला, गॅपचं प्रतिज्ञापत्र, सगळं जोडलं.

त्या गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास मेसेज आला — अर्जात त्रुटी, टी.सी. जोडलेली नाही, शुक्रवारी संध्याकाळपर्यंत जोडा नाहीतर अर्ज रद्द. टी.सी. मी कॉलेजातून कधी काढलीच नव्हती! लग्नाच्या गडबडीत कुणाच्या लक्षात राहणार? मिस्टर ड्युटीवर गेलेले. मी कुणालाही न सांगता पर्स उचलली आणि स्टँडवर आले. कळमनुरी मागं पडेपर्यंत एकच विचार, अकरा वर्षांचं जुनं रजिस्टर कोण काढून देणार एका दिवसात?

साडेअकरा वाजता कॉलेजच्या ऑफिसात शिरले. खिडकीशी एक वयस्कर क्लार्क होते. माझ्या वेळचे नव्हेत, तीनेक वर्षांपूर्वी बदलून आलेले. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं आणि मी तोंड उघडायच्या आत म्हणाले,

"तुमीच का नकाशे बाई?"

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "काय म्हणालात?"

"नकाशे. टी.सी. न्यायला आल्या ना?" त्यांनी ड्रॉवरमधून कागद काढला. "घ्या, तयार हाय. सकाळीच सरांची सही झाली. फक्त तुमचा अर्ज लिहून द्या."

टी.सी.वर माझं माहेरचं पूर्ण नाव होतं. जन्मतारीख बराबर, वर्ष बराबर. मी खिडकीची कड धरली. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुमच्या मैत्रिणीनं. काल दुपारी आल्या. म्हणल्या, उद्या नकाशे येईल, तिच्यापाशी टाइम न्हाई, काढून ठेवा. मी रजिस्टरात नकाशे हुडकून राहिलो, सापडंना. मग हसल्या अन् तुमचं खरं नाव सांगितलं. जुन्या रजिस्टरांचं कपाटबी त्यांनीच दाखवलं मला."

काल दुपारी. काल दुपारी मला स्वतःला माहीत नव्हतं की मला टी.सी. लागणार आहे.

"आणखी काय म्हणाल्या?"

त्यांनी आठवून बघितलं. "जाता जाता इचारलं त्यांनी... एम.ए.ला वयाची अट असती का म्हणून. मी म्हणलं, न्हाई बाई, कधीबी करा. तर बरं म्हणल्या. मग त्या पायरीवर बसल्या व्हत्या जरा वेळ. नंतर मी कामात राहिलो, कधी गेल्या कळलं न्हाई."

मी त्या पायरीपाशी जाऊन उभी राहिले. पोरी येत-जात होत्या, एकजण पायरीवर बसून वडापाव खात होती. बाकी काही नव्हतं. मला भीती वाटली नाही, खरं सांगते. फक्त राग आला... एवढी आलीस, क्लार्कला भेटलीस, आणि मला नाही? एक दिवस थांबली असतीस तर?

परत जाऊन मोबाईलमधला आमचा होस्टेलचा फोटो त्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वरखाली करून बराच वेळ बघितला. "ह्याच असतील... न्हाईबी असतील. फोटोत कळत न्हाई हो. काहून, काय झालं?" मी त्यांचा नंबर तेवढा घेऊन ठेवला.

टी.सी. जोडली. पुढच्या आठवड्यात यादीत नाव आलं. तेव्हा मी हट्ट्याला गेले, वंदनाच्या आईकडं. सांगावं की नाही, पूर्ण रस्ताभर ठरत नव्हतं. मावशी अंगणात तूर निवडत होत्या. मी सगळं सांगितलं. त्या सूप खाली न ठेवता ऐकत राहिल्या. मला वाटलं आता रडतील, नाहीतर मला रागावतील. त्यांनी एवढंच विचारलं,

"बरी दिसत व्हती का गं?"

हे मी क्लार्कला विचारलंच नव्हतं. तिथंच बाजेवर बसून फोन लावला, स्पीकरवर टाकला. "सर, मी ती टी.सी.वाली. त्या दिवशी आलेली माझी मैत्रीण... तब्येतीनं कशी होती?"

"तब्येतीनं? चांगल्या व्हत्या की. हसून बोलत व्हत्या. काहून?"

मावशींचं सूप हातातच राहिलं. तोंडाला पदर लावून त्या मला हळूच म्हणाल्या, "आनखी एकदा इचार, माय."

मी आणखी एकदा विचारलं. त्यांनीही, बिचाऱ्यांनी, आणखी एकदा सांगितलं.

आता वर्ग सुरू झालेत. कुणी म्हणेल, होस्टेलच्या दुसऱ्या कुठल्या मुलीनं गंमत केली असेल. मी जुन्या सगळ्या मुलींना फोन करून विचारलं. दोघी पुण्यात आहेत, एक हैदराबादला. खोलीतलं ते नाव त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. कॉलेजच्या कॅमेऱ्याचं विचारलं, तर ऑफिसकडचा बंद आहे म्हणाले. क्लार्क खोटं बोलत असतील म्हणावं तर कशासाठी? माझ्याकडं उत्तर नाही. तुमच्यापैकी कुणाकडं असेल तर जरूर लिहा... पण मला ते नको असेल कदाचित, एवढं आधीच सांगून ठेवते.